बाबांचं भिंग आणि माझं दोनमजली विमान

पुण्यातल्या फ्लॅटमध्ये सात विमानं अर्धवट पडली आहेत. आठवं मात्र पूर्ण झालं. तेही पुण्यात नाही, थेट गोंदिया जिल्ह्यातल्या सडक अर्जुनीत, एका बंद पडलेल्या घड्याळाच्या दुकानात!

तुमच्या घरात असं एखादं कपाट आहे का हो? ज्यात गिटार आहे (तीन कॉर्ड येतात), योगा मॅट आहे (गुंडाळलेलीच), फ्रेंच शिकायचं पुस्तक आहे (पान 14 पर्यंत)... असेल तर आपली मैत्री पक्की. माझ्या कपाटात विमानं आहेत. खऱ्या विमानाच्या मापात लहान केलेली प्लास्टिकची विमानं. खोक्यात सुटे भाग येतात, ते आपण कापायचे, घासायचे, रंगवायचे, जोडायचे. स्केल मॉडेल म्हणतात याला. सहा वर्षांपूर्वी ऑफिसच्या सीक्रेट सांतामध्ये कुणीतरी पहिलं खोकं दिलं आणि मी कामातून गेले.

‘मुलगी असून विमानं?’ हा प्रश्न आता अंगवळणी पडलाय. त्याहून बोचरा प्रश्न माझी रूममेट विचारते, ‘यातलं एक तरी पूर्ण झालंय का गं?’

नाही झालं. सातांपैकी तीन तर बायप्लेन आहेत, म्हणजे एकावर एक असे दोन पंख असलेली जुनी विमानं. माझ्या भाषेत दोनमजली! ही तिन्ही एकाच जागी येऊन थांबली आहेत. वरच्या पंखापाशी.

वरच्या पंखाची भानगड

साधं एका पंखाचं मॉडेल तसं सोपं असतं. पंखाला खाच, बॉडीला खाच, गोंद लावा, बसवा. बायप्लेनमध्ये खालचा पंख असाच बसतो. वरचा पंख मात्र हवेत तरंगतो. त्याला आधार फक्त काड्यांचा. मधे बॉडीवर चार छोट्या काड्या, शिवाय दोन्ही बाजूंना उंच काड्या. या सगळ्या काड्यांची टोकं एकाच वेळी पंखाखालच्या बारीक भोकांत जायला हवीत. दोन हात, एक चिमटा, आठ काड्या आणि वाळत चाललेला गोंद. एक बसवली की दुसरी निसटते. दुसरी धरली की पंख वाकडा होतो. रात्रीचा एक वाजलेला असतो, सकाळी नऊला कॉल असतो. मग आपण खोकं बंद करतो आणि म्हणतो, पुढच्या वीकएण्डला बघू.

पुढचा वीकएण्ड काय, सगळ्यांना माहितीये.

पण दोन पंख लागतातच कशाला?

हा प्रश्न बाबांनीही विचारला, म्हणून इथेच सांगून टाकते. सुरुवातीच्या विमानांची इंजिनं दुबळी होती. उचलायला मोठा पंख हवा, पण लाकूड आणि कापडाचा एकच लांबलचक पंख केला तर तो वाकणार, नाहीतर मजबूत करता करता जड होणार. मग उपाय काय? एकाऐवजी दोन आखूड पंख घ्या, मधे काड्या उभ्या करा आणि तिरक्या तारा ताणून बांधा. रेल्वेच्या लोखंडी पुलाचा सांगाडा आठवा, तोच फंडा. प्रत्येक भाग हलका, पण एकत्र बांधले की भक्कम. 1903 मध्ये राइट बंधूंचं जे विमान उडालं तेही बायप्लेनच होतं.

त्या तारा शोभेच्या नाहीत, हे लक्षात ठेवा. बॉडीच्या खालून वरच्या पंखाकडे जाणाऱ्या तारा उडताना पंखांना वर मोडू देत नाहीत. वरून खालच्या पंखाकडे येणाऱ्या तारा जमिनीवर असताना पंखांचं वजन पेलतात. एकीचं काम हवेत, दुसरीचं जमिनीवर. पुढे 1930 च्या दशकात धातूची मजबूत एकपंखी विमानं आली. काड्या-तारांमुळे हवेचा अडथळा फार व्हायचा, म्हणून दोनमजली विमानं हळूहळू मागे पडली.

मागे पडली, पण मोठी माणसं घडवून! 1929 मध्ये आगाखानांनी भारत आणि इंग्लंडमधला प्रवास एकट्याने विमानातून करणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी बक्षीस लावलं. 1930 मध्ये आपले जेआरडी टाटा कराचीहून निघाले आणि 17 वर्षांचा अॅस्पी इंजिनिअर इंग्लंडहून. दोघांकडेही जिप्सी मॉथ, म्हणजे बायप्लेन. इजिप्तमध्ये दोघांची गाठ पडली तेव्हा अॅस्पीकडे स्पार्क प्लग नव्हते. जेआरडींनी आपल्याजवळचे दिले आणि बक्षीस अॅस्पीने जिंकलं! पुढे हाच अॅस्पी 1960 ते 1964 भारतीय हवाई दलाचा प्रमुख होता. आणि 1936 मध्ये लाहोरला 21 वर्षांच्या सरला ठकराल यांनी एकटीने विमान उडवलं, तेही जिप्सी मॉथच. साडी नेसून! ‘मुलगी असून विमानं?’ला माझं उत्तर हे आहे.

या जिप्सी मॉथची धाकटी बहीण म्हणजे टायगर मॉथ. 26 ऑक्टोबर 1931 ला पहिल्यांदा उडाली. आठ हजारांहून जास्त बनल्या. दुसऱ्या महायुद्धात बेगमपेठ आणि जोधपूरच्या शाळांमध्ये भारतीय वैमानिक याच विमानावर शिकले आणि स्वातंत्र्यानंतर आपल्या फ्लाइंग क्लबांतही हे बरीच वर्षं उडत होतं. माझं आठवं खोकं होतं टायगर मॉथचं.

कोहमाऱ्याला उतरायचं

या वर्षी फेब्रुवारीत बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नागपुरात झालं. मी थोडी सुट्टी, थोडं वर्क फ्रॉम होम असं जमवून तीन आठवडे घरी गेले. लॅपटॉपच्या बॅगेत हे खोकं टाकलं. म्हटलं, बाबा झोपतील, मी विमान करीन.

सडक अर्जुनी कुठे, असं विचारताय ना? नागपूरहून रायपूरकडे निघालात की साकोलीच्या पुढे. जुना राष्ट्रीय महामार्ग 6, आताचा 53. एसटीने कोहमाऱ्याला उतरायचं. आमच्या जिल्ह्यात अर्जुनी दोन आहेत. रेल्वेलाइनवरची ती अर्जुनी मोरगाव, सडकेवरची ती सडक अर्जुनी. चुकलात तर तुमचं पार्सल दुसऱ्या तालुक्यात! एका अंगाला नागझिऱ्याचं जंगल, दुसऱ्या अंगाला नवेगाव बांध आणि मधे तलावच तलाव.

घराच्या पुढच्या खोलीत बाबांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. होतं, कारण चार वर्षांपूर्वी ते बंद झालं. खरं सांगायचं तर मी बंद करायला लावलं. मोबाइल आल्यापासून गिऱ्हाईक कमीच झालं होतं. दिवसभर वाकून बसायचं, डोळे फोडायचे आणि मिळायचे किती? मी कमावते आहे ना, म्हटलं, आता आराम करा. दर महिन्याला पैसे पाठवत होते. मला स्वतःचं फार कौतुक वाटायचं.

घरी गेल्यावर आराम म्हणजे काय ते पाहिलं. सकाळी सातला खुर्चीत, टीव्ही सुरू. दुपारी जेवण, झोप, परत टीव्ही. ऑपरेशन झकास झालं होतं, पट्टी निघाली होती. मी विचारलं, ‘बाबा, आता स्पष्ट दिसतं ना?’

‘दिसते ना. पण पायाले आहे का इथं?’

(‘पायाले’ म्हणजे पाहायला. ‘आहे का’ मधला ‘का’ म्हणजे ‘काय’. आमच्या झाडीपट्टीची बोली आहे, टायपिंगची चूक नाही!)

टॉवेल, चिमटा आणि भिंग

मी दुकानातल्याच जुन्या टेबलावर पसारा मांडला. चौथ्या दिवशी विमानाच्या दांड्याचा, म्हणजे वैमानिक हातात धरतो त्या स्टिकचा, तांदळाएवढा तुकडा चिमट्यातून उडाला. मी फरशीवर रांगत, मोबाइलचा टॉर्च लावून अर्धा तास शोधत होते. बाबा दारात उभे. काही बोलले नाहीत. आत गेले, एक टॉवेल घेऊन आले. त्याचं एक टोक टेबलाच्या खणात अडकवलं, दुसरं माझ्या मांडीवर अंथरलं.

‘आता पडला तं टावेलात पडन.’

चाळीस वर्षं घड्याळाचे स्क्रू असेच वाचवले त्यांनी. सहा वर्षांत मी इंटरनेटवर किती व्हिडिओ पाहिले असतील, पण ही युक्ती टॉवेलाएवढ्या जवळ होती. तुकडाही त्यांनीच शोधला, माझ्या ओढणीच्या काठात.

बारीक काम चालेल का, असं डॉक्टरांना फोन करून विचारलं. थोडा थोडा वेळ, भरपूर उजेडात, डोळ्यांत धूळ जाऊ न देता चालेल, म्हणाले. घासायचं काम म्हणून माझ्याकडे आणि तेही अंगणात. बाबांनी खणातून डोळ्याला लावायचं भिंग काढलं, पुसलं, लावलं आणि मॉडेलची कॉकपिट हातात घेतली.

कॉकपिट म्हणजे किती? माझं किट 1/48 मापाचं. पाव इंच म्हणजे एक फूट. खऱ्या टायगर मॉथचे पंख 8.94 मीटर, माझ्या हातातले साडेअठरा सेंटिमीटर. सहा फुटी वैमानिक दीड इंचाचा. त्याच्यासमोरच्या घड्याळांच्या तबकड्या म्हणजे मोहरीचे दाणे. आणि बाबांचं आयुष्य तबकड्यांत गेलेलं! एचएमटी जनता, एचएमटी पायलट, भिंतीवरची लंबकाची. ‘पायलट’ नावाचं घड्याळ शेकडो वेळा उघडलंय, हाच त्यांचा विमानाशी आजवरचा संबंध.

त्यांनी सुईच्या टोकाने पांढरे काटे रंगवले. मी आईच्या रंगहीन नेलपॉलिशचा एकेक थेंब वर सोडला. वाळल्यावर अस्सल काच! सीटचे पट्टे गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाच्या चंदेरी कागदाचे. ऑपरेशननंतरच्या गोळ्या, वाया काही गेलं नाही.

टायगर मॉथमध्ये पुढे शिक्षक आणि मागे विद्यार्थी बसतो. एकटं उडवायचं असेल तरी मागच्याच सीटवर बसायचं, नाहीतर तोल बिघडतो. पुढचा माणूस मागच्याशी एका रबरी नळीतून बोलायचा. हे ऐकून बाबा म्हणाले, ‘म्हंजे मास्तराचं तोंड दिसत नाही. बरं आहे.’

रंग वाळेपर्यंत...

बायप्लेनमध्ये रंग वरचा पंख बसवण्याआधीच द्यायचा, नंतर ब्रश आत जात नाही. आमचा चंदेरी रंग वाळतोय, तोवर तुमच्यासाठी आयता शहाणपणा. सात विमानं वाया घालवून मिळवलाय, फुकट घ्या!

1. पहिलं किट एकपंखीच घ्या. बायप्लेन दुसरं किंवा तिसरं. माझ्यासारखा आगाऊपणा नको.
2. भाग फ्रेमवर असतानाच साबणाच्या पाण्याने धुवा. साच्याचं तेल राहिलं तर रंग धरत नाही.
3. भाग ओढून तोडू नका. थोडं लांबून कापा, मग पात्याने आणि बारीक पॉलिश पेपरने साफ करा.
4. मॉडेलचा गोंद प्लास्टिक किंचित विरघळवून जोडतो. म्हणून थेंबभरच. जास्त झाला की पंखावर बोटांचे ठसे कायमचे. खिडकी उघडी ठेवा, वास डोक्यात जातो.
5. तारांची भोकं रंगाच्या आधी पाडा. सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात.
6. विमानावरची चिन्हं, म्हणजे डिकल, कोमट पाण्यात भिजवून कागदावरून सरकवत बसवा. चकचकीत पृष्ठभागावर ती नीट चिकटतात, खरखरीत रंगावर खाली हवा अडकते.
7. आणि टॉवेल. टॉवेल विसरू नका!

आमच्या विमानाला खोक्यातली ब्रिटिश हवाई दलाची चिन्हं लावायची नाहीत, हे ठरलं होतं. आम्हाला आपल्या फ्लाइंग क्लबचं हवं होतं. भारतातल्या नागरी विमानांवर ‘व्हीटी’ ही अक्षरं असतात. ती आणि पुढे आमच्या तिघांच्या नावांची तीन आद्याक्षरं बाबांनी 000 नंबरच्या ब्रशने काळ्या रंगात काढली. असं विमान खरंच होतं का, हे विचारू नका.

‘खोल ना मंग’

आता मुख्य संकट. सोमवारी ऑफिसचं मोठं काम सुरू होणार होतं, म्हणून रविवारी रात्री मी ठरवलं, आज वरचा पंख बसवायचाच. बाबा म्हणाले, ‘काहून घाई करतं? सकाळी पाहू.’ मी ऐकलं नाही. ते झोपल्यावर साडेअकराला एकटीने बसवला. लांबून बरा दिसत होता.

सकाळी उजेडात बघितलं तर डावीकडे दोन मिलिमीटर कललेला. दोन मिलिमीटर म्हणजे किती, असं वाटेल. 48 ने गुणा. खऱ्या विमानात जवळपास दहा सेंटिमीटर! अशा विमानात कुणी बसणार नाही.

मला रडूच आलं. पंखापेक्षा, हेही त्या सातांच्या रांगेत जाणार याचं. मी खोकं आणलं आणि सगळं आत भरायला लागले. बाबांनी विचारलं, ‘का झालं?’

‘बिघडलं. जाऊ द्या.’

‘बिघडलं तं खोल ना मंग.’

इतकं साधं. घड्याळ एकदा लावलं आणि चाललं नाही, तर परत उघडायचं. त्यांच्या धंद्यात ही नामुष्की नव्हती, रोजचं काम होतं. माझ्या डोक्यात मात्र जोडलेली गोष्ट परत उघडणं म्हणजे नापास होणं.

गोंद रात्रीचाच होता, पुरता कडक झाला नव्हता. बाबांनी ब्लेडचं पातळ पातं काड्यांच्या सांध्यात हळूहळू फिरवलं. दीड तासात पंख सुटला. एक काडी मोडली. तिच्या दोन्ही तुकड्यांत त्यांनी हाताने फिरवायच्या ड्रिलने केसाएवढं भोक पाडलं, जुन्या घड्याळातल्या पितळी तारेची खुंटी घातली आणि काडी पहिल्यापेक्षा मजबूत केली.

हे करताना, भिंग डोळ्यालाच, मान वर न करता ते म्हणाले, ‘दुकान बंद केलं ना, तं हात कुठं ठेवावं तेच समजे नाही.’

एवढंच. तक्रार नव्हती त्यात. मी ड्रिलचा भुसा पुसत बसले. चार वर्षं मी त्यांना पैसे पाठवत होते आणि त्यांचे हात रिकामे करत होते. दोन्ही कामं मीच केली होती. काय बोलणार?

काडेपेट्यांचं घर

दुसऱ्यांदा पंख बसवायला आम्ही तीन दिवस घेतले. बाबांनी काडेपेट्या आणि पुठ्ठ्याचं एक घर केलं, ज्यात खालचा पंख घट्ट बसतो आणि वरचा नेमक्या उंचीवर टेकून राहतो. हातांनी धरायला काही उरलंच नाही. पहिल्या दिवशी फक्त मधल्या काड्या. गोंद, आणि चोवीस तास हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी बाहेरच्या. प्रत्येक वेळी दोऱ्याने माप घ्यायचं. शेपटीपासून डाव्या टोकापर्यंत जेवढं अंतर, तेवढंच उजव्या टोकापर्यंत हवं. खऱ्या विमानाचे पंखही तारा कमी-जास्त ताणून असेच मापात आणायचे. त्या कामाची वेगळी माणसं असत.

टायगर मॉथची एक गंमत इथे कळली. तिचे पंख किंचित मागे झुकलेले आहेत. स्टाइल म्हणून नाही. पुढच्या सीटवरच्या माणसाला पॅराशूट घेऊन पटकन बाहेर पडता यावं म्हणून वरच्या पंखाचा मधला भाग पुढे सरकवला आणि मग तोल सांभाळायला पंख मागे झुकवले. माणसाला बाहेर पडता यावं म्हणून अख्ख्या विमानाचा आकार बदलला!

तंगूस आणि अगरबत्ती

राहिल्या तारा. पुण्यात मी यासाठी परदेशी लवचीक धागा मागवणार होते. आई म्हणाली, इतके तलाव आहेत, तंगूस आण ना. तंगूस म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा धागा. ओळखीच्या ढिवरकाकांनी जाळं विणायच्या सगळ्यात बारीक धाग्याची गुंडी दिली, पैसे घेतले नाहीत. फक्त विमान दाखवायला सांगितलं.

धागा वरच्या पंखाच्या भोकात ओवायचा, फेविक्विकचा सुईएवढा थेंब, वाळला की खाली आणून ताणायचा, परत थेंब. बाबांचा नियम असा, की चिमटा टेकवण्याआधी श्वास सोडायचा. घड्याळातल्या बालकमानीला हात लावताना ते असंच करायचे. श्वास आत असला की हात थरथरतो. करून बघा, खरंच आहे.

तरी काही धागे सैल राहिलेच. मग आईच्या देवघरातली अगरबत्ती! पेटती अगरबत्ती धाग्याच्या जवळ, न टेकवता, हळूच फिरवायची. उष्णतेने नायलॉन आक्रसतो आणि सैल धागा सतारीच्या तारेसारखा ताठ होतो. (जास्त जवळ नेलीत तर तुटतो. दोन तुटले.) खोलीभर मोगऱ्याचा वास, आणि एकेक तार सरळ होत गेली तसं ते प्लास्टिकचं खेळणं एकदम विमान दिसायला लागलं.

त्याच दुपारी वर घरघर ऐकू आली. गोंदियाजवळ बिरसीला दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी बांधलेली धावपट्टी आहे. तिथे पुढे वैमानिक शिकवणारी संस्था आली आणि कधीमधी शिकाऊ विमान आमच्याकडे दिसतं. बाबा अंगणात गेले, नव्या डोळ्याने बराच वेळ वर बघत राहिले. आत येऊन म्हणाले,

‘त्याले एकच पंख आहे.’

तोच माणूस तीन आठवड्यांपूर्वी म्हणत होता, पाहायला काय आहे!

तारीख

घड्याळ दुरुस्त करणारे एक करतात. मागचं झाकण उघडलं की आतल्या बाजूला टोकदार सुईने दुरुस्तीची तारीख कोरतात. गिऱ्हाइकाला ती कधीच दिसत नाही. पुढे ज्याच्या हातात ते घड्याळ उघडेल, त्याच्यासाठी असते ती. निघायच्या आदल्या रात्री बाबांनी विमान उलटं केलं आणि पोटाखाली सुईने बारीक तारीख कोरली. मग सुई माझ्या हातात दिली. मी खाली माझं नाव कोरलं. थोडं वाकडं आलं, पण खोललं नाही!

विमान मी पुण्याला आणलं नाही. ते दुकानातल्या काचेच्या कपाटात आहे, दोन एचएमटींच्या मधे. दुकान म्हणते आहे, कारण शटर रोज सकाळी दोन तास अर्धं वर असतं. धंदा म्हणाल तर शून्य. लोक विमान बघायला येतात आणि जाता जाता खिशातून बंद घड्याळ काढतात. ढिवरकाकांनी तर येऊन एकेक तार मोजली. बाबा फोनवर पूर्वी विचारायचे, जेवलीस का. हल्ली विचारतात, पुढचं खोकं कधी आणतं?

मी सातांपैकी पहिलं कपाटातून काढलंय. वरचा पंख वाकडा बसलेला आहे. टेबलाला टॉवेल अडकवलाय, ब्लेड घेतलंय.

आधी श्वास सोडते.